मेणबत्तीवर फिरणारं चाक

हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी शाळेत केलेला असेल. कागदावर नागमोडी गोल रेघ काढायची, तिच्यावरून कापत जायचं आणि तयार झालेला साप दोऱ्यानं मेणबत्तीच्या बराच वर टांगायचा. तो आपोआप फिरू लागतो. ज्योतीजवळची हवा तापते, प्रसरण पावते, हलकी होऊन वर जाते आणि वाटेतल्या तिरप्या कागदाला ढकलते. एवढंच त्यातलं शास्त्र. मग इतकी सोपी गोष्ट सामान्य माणसाच्या घरातली शोभा व्हायला शतकं का लागली? आज आपण ते पाहणार आहोत.

कल्पना फार जुनी आहे. बाराव्या शतकात, सोंग राजवटीच्या काळात, फान चंगदा या चिनी कवीनं सूचौ शहरातल्या कंदिलांच्या सणाचं वर्णन करताना घोडेस्वारांच्या कंदिलाचा उल्लेख केला आहे. आत दिवा, वर कागदी पात्यांचं चाक आणि चाकाबरोबर फिरणारी चित्रं. बाहेरच्या कागदावर घोड्यांच्या सावल्या धावताना दिसतात. पंधराव्या शतकात लिओनार्दो दा विंचीनं धुराड्यात बसवायच्या अशाच चाकाचं चित्र काढलं. त्या चाकानं मांस भाजायची सळई फिरवायची. आग मोठी असेल तर सळई भरभर फिरणार, मंद असेल तर सावकाश. पण अशी धुराडी श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात असायची.

आता आपण जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात जाऊ. तिथे एर्त्सगेबिर्ग नावाचा डोंगराळ भाग आहे. नावाचा अर्थच मुळी 'खनिजाचे डोंगर'. चांदी आणि कथिलाच्या खाणी हे इथलं जगण्याचं साधन. हिवाळ्यात उजाडण्यापूर्वी खाणीत उतरायचं आणि अंधार पडल्यावर वर यायचं, असं आयुष्य. तिथल्या माणसांना नाताळातल्या दिव्यांचं एवढं अप्रूप का, हे यावरून कळतं. घराच्या खिडकीत हातात मेणबत्त्या घेतलेले लाकडी खाणकामगार आणि देवदूत ठेवायची तिथली प्रथा आजही आहे.

पुढे खाणी आटत गेल्या. झायफेन गावातलं कथिलाचं खाणकाम 1849 मध्ये थांबलं. लोक लाकडाच्या कातकामाकडे आधीच वळू लागले होते, आता तोच मुख्य आधार झाला. घराघरांत खेळणी बनू लागली. मजुरी तुटपुंजी, त्यामुळे मुलांनाही कामाला बसावं लागे. याच हातांनी घडवलेली एक वस्तू म्हणजे नाताळचा पिरॅमिड. मजल्यामजल्यांची लाकडी चौकट, मधोमध उभा आस, त्याला जोडलेल्या तबकड्यांवर खाणकामगार, मेंढपाळ, येशूजन्माचा देखावा, आणि सगळ्यांत वर तिरप्या पात्यांचं चाक. खाली मेणबत्त्या लावल्या की तबकड्या फिरतात.

पण मेणबत्ती महाग होती. सुरुवातीला तेलाच्या दिव्यांवर भागवावं लागे. 1830 मध्ये कार्ल फॉन रायशेनबाख यांनी लाकडाच्या डांबरातून पॅरॅफिन वेगळं केलं. पुढच्या काही दशकांत पॅरॅफिनच्या मेणबत्त्या स्वस्त झाल्या आणि पिरॅमिड घरोघरी परवडू लागला. चाक केव्हाच माहीत होतं; अडलं होतं ते इंधनाच्या किमतीपाशी.

हे व्याख्यान तयार करताना आम्हीही एक चाक करून पाहिलं. पत्र्याच्या झाकणाला आठ काप दिले, पाती वाकवली, मधोमध टिचबटण बसवलं आणि ते रफूच्या सुईच्या टोकावर तोललं. ते ढिम्म हललं नाही. पाहिलं तर तीन पाती उलट्या बाजूला वाकलेली. सगळी एकाच दिशेला तिरपी केली आणि चाक फिरलं. घरी करणार असाल तर पत्राच घ्या, कागद ज्योतीजवळ नको, आणि पेटत्या मेणबत्तीपासून उठून जाऊ नका.

आज त्या भागातल्या गावांच्या चौकांत कित्येक मीटर उंच पिरॅमिड उभे राहतात. उघड्यावरच्या वाऱ्यात मेणबत्ती टिकत नाही, म्हणून ते विजेच्या मोटरवर फिरतात. घरातल्या टेबलावर मात्र अजून मेणबत्तीच लागते.

म्हणून एखाद्या वस्तूचा इतिहास शोधताना 'ही कोणी शोधली' एवढंच विचारून आपलं भागत नाही. ती कोणी घडवली, किती मजुरीत घडवली आणि कोणाला परवडली, हेही विचारावं लागतं. इथे थांबूया. आता तुमचे प्रश्न घेऊ.