अंगणांत गेलेली शाळा

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळाच्या पायाभरणीचा व धर्मगुरूंच्या कारकीर्दींचा वृत्तान्त येणें स्वाभाविक आहे. आम्हीं मात्र या पानापुरता अगदीं लहान मुलांच्या शाळेचा इतिहास निवडला आहे. कारण त्याचा एक मोठा अध्याय वसईच्या उत्तरेस, आमच्याच किनारपट्टींतील बोर्डी व कोसबाड येथें घडला, आणि आमच्यापैकीं पुष्कळांस त्याची वार्ता नाहीं.

खेळांतून शिकविण्याची ही पद्धति मूळची युरोपांतली. जर्मनींत फ्रोबेल यांनीं १८४० सालीं आपल्या बालशाळेस 'मुलांची बाग' अशा अर्थाचें नांव दिलें. रोम शहरीं सान लोरेन्झो या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसोरी या कॅथलिक बाईंनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं, म्हणजे तीन राजांच्या सणादिवशीं, पहिलें बालगृह उघडलें. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढलें. तेथें ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

परंतु हिंदुस्थानांत ही विद्या बहुधा शहरांतील सुखवस्तु घरांतच फिरत राहिली. ताराबाईंस तें बोचलें. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें, व अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. अनुताईंचें लग्न तेराव्या वर्षीं झालें होतें आणि वैधव्य त्याच्या पाठोपाठ आलें होतें. माँटेसोरी पद्धतीचीं साधनें महाग. म्हणून शिंपले, खडे, बिया, पानें व माती यांवरच मुलें मोजूं व ओळखूं लागलीं. तरीहि गांवच्या दलित वस्तींतील मुलें येईनात. त्यांस बोलावण्यांत वेळ न दवडतां बाई स्वतः त्यांच्या अंगणांत जाऊन बसल्या. तेथेंच आंघोळ, तेथेंच गाणीं, तेथेंच खेळ. 'अंगणवाडी' हें नांव या प्रयोगांतून निघालें. सरकारनें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं बालविकास योजना सुरू केली तेव्हां तेंच नांव देशभर गेलें. ताराबाई तें पाहावयास नव्हत्या. १९७३ सालींच त्या निवर्तल्या होत्या.

१९५७ सालीं काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेलें. तेथें मोठें भावंड धाकट्यास कडेवर घेऊन फिरे, नाहीं तर गुरें राखी. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र ठेवून 'विकासवाडी' केली, आणि गुराख्यांसाठीं शिक्षकच कुरणांत जाऊं लागला. आमच्या मतें यांत बोलीचा प्रश्न आपोआपच येतो. ज्याच्या अंगणांत शाळा बसली, त्याच्या आईची बोली दाराबाहेर ठेवतां येत नाहीं.

आणि येथें आम्हांस आमचीच लाज वाटते. ढाक्यास १९५२ सालीं बंगालीसाठीं विद्यार्थ्यांनीं प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ युनेस्कोनें १९९९ सालीं २१ फेब्रुवारी हा मातृभाषादिन ठरविला. सहा दिवसांनीं कुसुमाग्रजांच्या जन्मदिनीं मराठीचा उत्सव. त्या दिवशीं आमचीं चिमुकलीं लाल लुगडीं नेसून कादोडींत वा वाडवळींत दोन ओळी म्हणतात व आम्ही टाळ्या वाजवितों. दुसऱ्या दिवशीं तेंच मूल पाहुण्यांसमोर आजीचा शब्द बोललें कीं आम्हीच डोळे वटारतों. फादर थॉमस स्टीफन्स जातीचे इंग्रज. त्यांनीं ख्रिस्तपुराण मराठींत रचलें, व तें १६१६ सालीं छापलें गेलें. आम्ही जातीचे येथले, आणि बालवर्गाच्या पहिल्या दिवसापासून मुलास इंग्रजीखेरीज दुसरें कांहीं नको म्हणतों!

येत्या २१ फेब्रुवारीस रंगमंच न उभारतां वाडींतील एखाद्या अंगणांत आज्यांस बोलवावें, आणि सागरगोटे, गाणीं व कोडीं त्यांच्याच बोलींत मुलांबरोबर दिवसभर चालूं द्यावीं, असा विचार आमच्या मंडळींत चालू आहे. आज्या तयार आहेत. आयांची संमति मिळावयाची आहे.