आधी काय बदलावे?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळाच्या ताटांभोवती एक लहानशी सभाच भरली. पुतण्याने घरातल्या ध्वनियंत्रणेसाठी काही रक्कम बाजूला काढली होती, आणि त्या रकमेत सगळेच काही नवे येणे शक्य नव्हते. भिंतीवरचा पडदा चांगला खाटेएवढा. पण त्याच्या दिमतीचा ॲम्प्लिफायर, पुढचे तीन स्पीकर, मागचे दोन आणि कोपऱ्यातला तो घुमणारा सब-वूफर, हा सारा लवाजमा दहा-बारा वर्षांचा जुना. सूनबाई म्हणाली, मागचे स्पीकर बदला. पुतण्याचा जीव ॲम्प्लिफायरवर. नातवाला पायांखालची जमीन हादरायला हवी होती. "काका, तुमचं काय मत?" असे मला विचारले तेव्हा मी दोन दिवसांची मुदत मागितली. सगळे हसले. परंतु मोजक्या पैशांत कोणते यंत्र आधी घ्यावे आणि कोणते मागे ठेवावे, हा प्रश्न आमच्या नाशकाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे, आणि उत्तर उशिरा मिळाल्याची किंमतही मोजली आहे.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. जन्म १८७० चा. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले, तेव्हा त्यांच्यापुढेही अशीच यादी होती आणि खिसा असाच आखूड होता. त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेतले. कच्ची फिल्म त्या काळी बिनभोकांची मिळे. कडेची भोके आपण पाडून घ्यावी लागत, आणि तीही अंधारात. सरस्वतीबाईंनी घरचा सगळा पसारा आवरून रात्री हे काम केले. भारी दिव्यांच्या चैनीची गरज नव्हती. ऊन फुकट होते. जे नसेल तर चित्रच उमटणार नाही, ते आधी. बाकीचे निभावून न्यायचे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला तो या हिशेबाच्या जोरावर. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवले, आणि १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. पुढची काही वर्षे मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी जे देव आणि राक्षस पाहिले, त्यांतले पुष्कळसे गोदाकाठच्या उन्हात वावरलेले होते.

आणि मग आवाज आला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. मराठीतला पहिला बोलपट. प्रभातकरांची मला विशेष वाटते ती गोष्ट अशी की, विष्णुपंत दामले यांनी ध्वनिमुद्रणाचे काम स्वतः अंगावर घेतले. मालकांपैकी एकजण आवाजाच्या यंत्राशी बसला, यातच त्या कंपनीने कशाला महत्त्व दिले ते दिसते. इकडे फाळके 'सेतुबंधन' या मोठ्या पौराणिक मूकपटात गुंतले होते. चित्र तयार, पैसा त्यात गेलेला, आणि बाहेरचा प्रेक्षक कान टवकारून बसलेला! शेवटी त्या चित्रावर मागाहून आवाज चढवण्यात आला आणि १९३४ साली ते लोकांपुढे आले.

मागाहून आवाज चढवणे म्हणजे काय कटकट, हे ज्याने त्या काळची यंत्रे समजून घेतली आहेत त्यालाच कळेल. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत, सेकंदाला साधारण सोळा चौकटी. बोलपट चालतो चोवीस चौकटींवर. मूकपट त्या वेगाने दाखवला तर रामरायही लगबगीने चालू लागतात. शिवाय फिल्मच्या कडेची एक पट्टी आवाजासाठी सोडावी लागते, म्हणजे चौकटीचा तेवढा भाग गेला. ओठांची हालचाल बोलण्यासाठी केलेलीच नसते, ते दुखणे वेगळेच. मी फाळक्यांना दोष देत नाही. हाती असलेल्या पैशांत ते जे करू शकत होते ते त्यांनी केले. त्यानंतर कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा एकच बोलपट त्यांनी केला, १९३७ मध्ये. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशकातच वारले. चित्राच्या करामतीत ज्याचा हात कुणी धरला नसता, तो माणूस आवाजाच्या उंबरठ्यावर अडला, हे मला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकात गेलो की हटकून आठवते.

आमच्या जुन्या वाड्यातही हाच वाद लहान प्रमाणात झाला होता. आजोबांचा चावीचा फोनो होता, आणि मोठ्या काकांना नवी, चकाकत्या लाकडाची पेटी हवी होती. आजोबा म्हणत, आधी सुया आणा. पोलादी सुई एका बाजूला एक, हा नियम. पण काटकसरीने माणसे एकच सुई दहा-दहा तबकड्यांवर घासत, आणि तबकडीच खरवडून निघे. सुयांची लहानशी डबी आली, आणि त्याच फोनोतला गवय्याचा आवाज सर्दी गेल्यासारखा मोकळा झाला. पेटी कधीच आली नाही.

तर पुतण्याचा हिशेब मी दोन दिवसांनी असा मांडला. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली, तर आवाज वाढतो अवघा तीन डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकले तर कळेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला शक्ती साधारण दसपट लागते. बरा ॲम्प्लिफायर मूळ आवाजात भेसळ करतो ती शेकडा एकाच्याही लहानशा अंशाएवढी. स्पीकरचे तसे नाही. विजेची हवा करायची, म्हणजे कागदाचा पडदा खरोखरच मागेपुढे हलवायचा; खर्जात तर तिथली भेसळ शेकडा एक-दोनही सहज होते. म्हणून आधी स्पीकर. त्यांतही पुढचे तीन, आणि तिघांतही मधला, कारण चित्रपटातले बहुतेक संभाषण त्याच्याच तोंडून येते. हा मधला माणूस काही हौशीने आलेला नाही. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचे वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले, तेव्हाही त्यांनी रंगमंचावर तीन ध्वनिक्षेपक मांडले होते : डावा, उजवा आणि मधला. मागचे दोन पाऊस नि पाखरे ऐकवतात. ते थांबू शकतात.

पण त्याही आधी एक बिनपैशाचा खर्च होता. आमचा मधला स्पीकर शोकेसच्या कप्प्यात पार आत, चांदीच्या करंड्यामागे ढकललेला! तो कप्प्याच्या कडेपर्यंत ओढला आणि तोंड किंचित वर, बसणाऱ्याच्या कानांकडे केले. खोली तर नव्या पद्धतीची : गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती, मोठी काच. शब्द त्यांच्यावर आपटून चेंडूसारखा परत येतो. वाड्याच्या माजघरात शेणाने सारवलेली जमीन, लाकडी तक्तपोशी आणि कोनाडे होते. तिथे न बोलावता गाणे बसत असे. आम्ही खाली जाड सतरंजी टाकली, काचेवर पडदा ओढला आणि माझे पुस्तकांचे कपाट मागच्या भिंतीला लावले. या शेवटच्या गोष्टीला सूनबाईचा विरोध होता, आणि तो अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. कपाट कुरूप आहे.

पुढचे तीन नवे स्पीकर पाडव्याला आले. मी 'बैजू बावरा' लावायला सांगितले. १९५२ चा चित्रपट, आवाज एकाच वाहिनीचा, म्हणजे पाच स्पीकरांचा थाट तिथे निरुपयोगी. पण त्यात अमीर खाँसाहेबांबरोबर द. वि. पलुसकर गायले आहेत, आणि त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांनी अखेरची वर्षे नाशकात रामनामाचा आश्रम चालवला, हा माझा स्वार्थ. जुगलबंदी सुरू झाली. आजवर एकमेकांत कालवलेले दोन गळे निरनिराळे झाले. कुठे कोण श्वास घेतो तेही कळू लागले. पुतण्याने ॲम्प्लिफायरचा विषय पुन्हा काढला नाही. नातू मात्र अजून जमीन हादरण्याची वाट पाहतो आहे.