नॉनसच : असा दुसरा नाही
इंग्रजीत अतुलनीय वस्तूस वा व्यक्तीस क्वचित ‘नॉनसच’ म्हणतात. ‘नन’ आणि ‘सच’ या दोन साध्या शब्दांची ही जोडणी. अर्थ, ‘असा दुसरा नाही’. आपल्या अनन्वय अलंकाराचीच ही जातकुळी म्हणावी! आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये सरे परगण्यात बांधावयास घेतलेल्या राजवाड्यास हेच नाव मिळाले. त्यासाठी कडिंग्टन हे गाव उठवले, तेथील चर्च पाडले. १५४७ मध्ये राजा वारला, तेव्हा वाडा अपुराच होता. पुढे दुसऱ्या चार्ल्सने तो बार्बरा व्हिलियर्स या आपल्या प्रेयसीस दिला. देणी फेडण्यासाठी तिने १६८२ च्या सुमारास तो पाडून त्याचे सामानसुमानही विकले. १९५९ च्या उत्खननात वाड्याच्या पायाबरोबर त्या चर्चचाही पाया उघडा पडला.