चाळीस गुणांचा भूगोल

महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत भूगोल हा विषय कधी इतिहासाच्या, कधी अर्थशास्त्राच्या जोडीने राहत आला आहे. आज त्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, पण ती चाळीस गुणांची आणि दोन तासांची. गुणपत्रिकेवर तो ‘सामाजिक शास्त्रे’ या नावाखालीच येतो. अभ्यासक्रम किती वेळा बदलला यापेक्षा या अर्ध्या जागेत काय ठेवायचे आणि काय काढायचे, याची ओढाताण या विषयाच्या इतिहासात जास्त दिसते.

सुरुवात मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशनपासून होते. विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि प्रवेशपरीक्षा म्हणून मॅट्रिक १८५९ पासून घेतली जाऊ लागली. पहिल्याच वर्षी उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. या परीक्षेची घडण लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर झाली होती आणि तिच्यात इतिहास व भूगोल एका गटात मोडत. त्याआधीच बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीत भूगोलावर पुस्तक लिहिले होते. पृथ्वी गोल आहे, ती फिरते आणि ग्रहणाचे कारण सावली आहे, एवढे सांगणेही तेव्हा धाडसाचे होते. मॅट्रिकच्या वर्गात मात्र हे नवल फार टिकले नाही. भूगोल म्हणजे भूशिरे, उपसागर, नद्या आणि राजधान्यांची यादी, असे त्याचे रूप झाले. परीक्षकाला तपासायला सोपे आणि विद्यार्थ्याला पाठ करायला सोपे, म्हणून हे रूप दीर्घायुषी ठरले.

प्राथमिक शाळेत गोष्ट थोडी वेगळी होती. तिथला भूगोल घराजवळून सुरू होई: आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा. ही चाल आजही जिवंत आहे. तिसरीच्या मुलांना प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे पुस्तक मिळते. रत्नागिरीच्या मुलाने आपल्या खाड्या शिकायच्या, सोलापूरच्या मुलाने आपले तलाव आणि उजनी. दहावीपर्यंत पोहोचताना हा जवळचा भूगोल मागे पडतो, ही या विषयाची जुनी अडचण आहे.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे आली. पुण्याच्या मंडळाने एस.एस.सी. परीक्षा १९४९ पासून घ्यायला सुरुवात केली. नाव बदलले, तरी लोकांच्या बोलण्यातले ‘मॅट्रिक’ कितीतरी वर्षे गेले नाही. १९६० साली राज्य झाले तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा वेगळ्या परीक्षाव्यवस्थांतून आले होते. या सगळ्यांना एका छत्राखाली आणण्यासाठी १९६५ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ अस्तित्वात आले. गोव्यातील शाळाही काही काळ याच एस.एस.सी.ला बसत, तिथे १९७५ साली स्वतःचे मंडळ स्थापन झाले. पाठ्यपुस्तकांसाठी ‘बालभारती’ २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात सुरू झाली. नववी-दहावीची पुस्तके मात्र पुढे दीर्घकाळ राज्य मंडळच काढत राहिले. परीक्षा घेणारा आणि पुस्तक काढणारा एकच असल्यामुळे पुस्तकातले वाक्य म्हणजे उत्तराचे वाक्य, ही समजूत घट्ट झाली.

कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालानंतर १०+२+३ हा आकृतिबंध आला. महाराष्ट्रात अकरावीची एस.एस.सी. संपून दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. एक इयत्ता कमी झाली म्हणजे अभ्यासक्रमही कापावा लागला. दहावीची बेरीज अनेक वर्षे ७५० गुणांची होती. त्यात सामाजिक शास्त्रांचे १५० गुण असत आणि ते दोन प्रश्नपत्रिकांत विभागलेले असत: एकीत इतिहास व नागरिकशास्त्र, दुसरीत भूगोल व अर्थशास्त्र. पुढे हेच गुण १०० वर आले, त्यातले २० शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. अर्थशास्त्राला वाटा देऊन जे उरेल तेवढ्यात भूगोल मांडायचा.

तरीही या प्रश्नपत्रिकेने दोन गोष्टी सोडल्या नाहीत. पहिली म्हणजे ‘भौगोलिक कारणे द्या’. पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश का तयार होत नाहीत, हा पाठ करून आलेल्याला अडवणारा प्रश्न आहे. सह्याद्री किनाऱ्याला जवळ, म्हणून नद्या आखूड. उतार तीव्र, म्हणून पाणी वेगवान. वेगामुळे गाळ मुखाशी साचत नाही. तीन पायऱ्या मांडल्या तर तीन गुण. एका वाक्यात कारण आणि परिणाम बांधायला लावणारे असे फार थोडे प्रश्न दहावीत असतात. दुर्दैवाने ‘कारणे द्या’चीही छापील उत्तरे गाइडमध्ये मिळतात.

दुसरी गोष्ट नकाशा. भारताचा आराखडा प्रश्नपत्रिकेसोबत पुरवणी म्हणून मिळतो. त्यात ठिकाणे दाखवायची, नावे लिहायची, सूची द्यायची आणि ती पुरवणी उत्तरपत्रिकेला बांधायची. जिथे आराखडा स्वतः काढायचा तिथे प्लास्टिकचे स्टेन्सिल चालते. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी कंपासपेटीत रंगीत पेन्सिलींबरोबर स्टेन्सिलही जाते. अंध विद्यार्थ्यांसाठी नकाशा व आलेखाऐवजी वेगळे प्रश्न असतात. भाषा काहीही असो, मराठी, उर्दू किंवा कन्नड, आराखड्यावरचा ठिपका सगळ्यांचा सारखाच तपासला जातो. गुण मिळवण्याच्या हिशेबात नकाशा हा भरवशाचा प्रश्न मानला जातो, आणि तो खरोखर तसा आहे.

नकाशा पुस्तकात चुकला तर मात्र गहजब होतो. २०१३ साली दहावीच्या भूगोलाच्या नव्या पुस्तकातील भारताच्या नकाशातून अरुणाचल प्रदेश गळला होता. पुस्तक मुलांच्या हाती पडण्याच्या सुमारास ही चूक वर्तमानपत्रांत आली आणि मंडळाला ती दुरुस्त करावी लागली. पाठ्यपुस्तकातील नकाशांच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी जुळाव्या लागतात, आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर त्याविषयीची बारीक अक्षरांतली टीप छापलेली असते. ती टीप विद्यार्थी वाचत नाही.

सर्वांत मोठा बदल २०१८ चा. २०१७ साली नववीचे आणि २०१८ साली दहावीचे पुस्तक बालभारतीने स्वतःकडे घेतले. प्रश्नपत्रिकेच्या नावातून अर्थशास्त्र गेले. त्याची ओळख नववीच्या भूगोलातल्या एका पाठात आणि व्यापार, व्यवसाय, अर्थव्यवस्था अशा पाठांत मिसळून टाकली. दहावीच्या पुस्तकात भारत एकटा राहिला नाही, त्याच्यासमोर ब्राझील आला. स्थान-विस्तार, प्राकृतिक रचना व जलप्रणाली, हवामान, वनस्पती व प्राणी, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, पर्यटन व वाहतूक: प्रत्येक पाठात दोन्ही देश शेजारी ठेवले आहेत.

ब्राझीलची निवड काहींना विचित्र वाटली. पोर्तुगीज बोलणारा, नकाशाच्या दुसऱ्या टोकाचा देश कशासाठी शिकायचा, असा सवाल होता. पण तुलनेसाठी तो उत्तम आहे. दोन्ही देश विस्ताराने मोठे, दोन्हींचा बराच भाग उष्ण कटिबंधात, दोन्ही संघराज्ये आणि दोन्ही वसाहती होत्या. भेदही तितकेच ठळक. एक देश उत्तर गोलार्धात, दुसऱ्याचा बहुतांश भाग दक्षिण गोलार्धात, म्हणून ऋतू उलटे. भारताची एकच प्रमाणवेळ. ब्राझीलच्या चार, आणि ब्राझीलियाची वेळ भारतापेक्षा साडेआठ तास मागे. इथे हिमालय आहे, तिथे तसा पर्वत नाही, मग तिथल्या हवामानाची कारणे दुसरीकडे शोधावी लागतात. ‘भौगोलिक कारणे द्या’ला या जोडीने नवी धार दिली. अपरिचित देशाच्या नद्या आणि राज्ये पाठ करणे मुलांना जड गेले, ही तक्रारही खरी आहे.

पहिला पाठ क्षेत्रभेटीचा आहे: नळदुर्गहून अलिबागला जाणारी सहल. पठार, घाट आणि किनारा एका प्रवासात बघायचे, वाटेत प्रश्नावली भरायची, परत येऊन अहवाल लिहायचा. तिसरीत सुरू झालेला जवळचा भूगोल इथे परत भेटतो. मात्र परीक्षेत त्याची किंमत बहुधा ‘क्षेत्रभेटीची तयारी कशी कराल’ अशा प्रश्नापुरती उरते, आणि ते उत्तर प्रत्यक्ष घाट न उतरताही लिहिता येते.

चाळीस गुणांची मांडणी अशी आहे: योग्य पर्याय ४, जोड्या ४, एका वाक्यात उत्तरे ४, नकाशा भरणे ४ आणि नकाशावाचन ४, भौगोलिक कारणे ६, आलेख काढणे किंवा आलेख वाचणे ६, सविस्तर उत्तरे ८. शिवाय अंतर्गत मूल्यमापनाचे १० गुण. म्हणजे नकाशा आणि आलेख मिळून १४ गुण, लेखी परीक्षेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. कागदावर तरी हा पाठांतराचा विषय उरलेला नाही.

अंतर्गत गुणांचा वाद याच काळात पेटला. भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण २०१८-१९ पासून बंद केले गेले. दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आणले गेले. त्याआधीच ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने आणखी एक गंमत केली होती. सहा विषयांपैकी उत्तम पाच धरायचे हे धोरण २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले, पण सर्वोच्च न्यायालयाने ते चालू ठेवू दिले. ज्याचे गुण कमी तो विषय टक्केवारीतून गळतो. सामाजिक शास्त्रांत कमी पडलेल्याच्या बेरजेत भूगोल दिसतच नाही.

मार्च २०२० मध्ये हा पेपर अचानक प्रसिद्धीच्या झोतात आला. परीक्षा ३ मार्चला सुरू झाली होती आणि वेळापत्रकात शेवटचा पेपर होता भूगोल, २३ मार्चला. कोरोनामुळे तो आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्द केला. १७ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना इतर पेपरांतील गुणांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण मिळाले. कुणाच्या गणिताने, कुणाच्या मराठीने त्याच्या भूगोलाचे गुण ठरवले. पुढच्या वर्षी परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल आणि दहावीतील मूल्यमापन यांवरून निकाल लावला गेला, तो ९९.९५ टक्के होता. २०२२ साली लेखी परीक्षा परतली, तेव्हा अभ्यासक्रम पाव हिश्शाने कमी केलेला होता आणि चाळीस गुणांच्या पेपरला पंधरा मिनिटे जास्त मिळाली.

दरम्यान पुस्तकाबाहेरचा भूगोल थांबला नव्हता. पुस्तक २०१८ चे. ऑक्टोबर २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, भारताची राज्ये २९ वरून २८ वर आली आणि नकाशा पुन्हा काढावा लागला. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे बदलून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. लोकसंख्येच्या पाठाची अडचण वेगळी आहे. ब्राझीलची जनगणना २०२२ मध्ये झाली आणि तिथली लोकसंख्या सुमारे २० कोटी ३० लाख निघाली. भारताची २०२१ ची जनगणना लांबली. त्यामुळे आपल्या बाजूला अजून २०११ चा १२१ कोटींचा आकडा ठेवावा लागतो. तुलनेच्या तराजूत दोन पारड्यांत दोन वेगवेगळ्या दशकांची वजने पडली आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्याने नवा अभ्यासक्रम आराखडा तयार केला आणि २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गात तो लागू झाला. वरच्या इयत्तांची पाळी टप्प्याटप्प्याने येईल. तोवर दहावीची मुले आराखड्यावर ठिपके देत आहेत, आणि ब्राझील व भारत शेजारी शेजारी आहेत.