असईच्या रणावर शिंद्यांचे कंपू

‘कंपू’ हा शब्द आज आपण थट्टेने वापरतो. चार माणसे कोपऱ्यात कुजबुजू लागली की त्यांचा कंपू झाला म्हणतो. एके काळी कंपू म्हणजे शिंद्यांची कवायती पलटणींची व तोफखान्याची फौज. धावडा-भोकरदनकडील श्रोत्यांना तर ही गोष्ट घरची आहे, कारण ह्या फौजेची कसोटी ह्याच जिल्ह्यात, असईच्या शिवारात लागली.

महादजी शिंद्यांनी १७८४ साली सावॉयच्या डी बॉईनला चाकरीस ठेवले व दोन पलटणी उभारविल्या. १७९० साली पाटण व मेडता येथे त्यांनी राजपूत घोडदळाचे हल्ले परतविले, तेव्हा कंपू वाढत गेले. बॉईनचा खरा पराक्रम आम्हांस कवायतीत दिसत नाही, पगारात दिसतो. फौजेचा पगार थकणे ही त्या काळची रीतच. ह्या गृहस्थाने दुआबातील मुलूख खर्चासाठी लावून घेतला आणि शिपायाच्या हातावर वेळेवर पैसा ठेवला. आग्र्यास तोफा ओतल्या जाऊ लागल्या. त्या विलायती तोफांना उण्या नव्हत्या.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने केळणा नदी उतरून, केळणा व जुई ह्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या बगलेवर चाल केली. हानोव्हरचा पोलमन ह्याने शत्रूच्या डोळ्यांदेखत सारी फळी काटकोनात वळविली. हे काम कच्च्या फौजेचे नव्हे! तोफांनी इंग्रजांचे ओढीचे बैलही लोळविले. तोफा शत्रूच्या हाती गेल्यावर काही गोलंदाज मेल्याचे सोंग करून पडून राहिले, आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांनी पाठीमागून मारा केला. इंग्रजांचे सुमारे सोळाशे लोक जायबंदी झाले वा पडले. दौलतराव शिंदे व रघूजी भोसले तोवर रण सोडून गेले होते.

गनिमी कावा टाकून कवायत धरली म्हणून मराठे बुडाले, असे आजही ऐकू येते. आम्हांस हे पटत नाही. असईस कवायत टिकली. धनी टिकला नाही. उत्तरेत तर बॉईननंतरचा सेनापती पेरॉन त्याच सप्टेंबरात नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला. कंपूंतील इंग्रज अधिकाऱ्यांस कंपनीने आधीच जाहीरनाम्याने फोडले होते. त्यांच्या जागी बसेल असा आपला माणूस वीस वर्षांत तयार केला गेला नव्हता.

चीनमध्ये पुढे असाच प्रसंग आला. तैपिंग बंडाच्या वेळी वॉर्ड हा अमेरिकन व त्याच्यानंतर गॉर्डन हा इंग्रज ‘सदाविजयी सेना’ चालवीत होते. पण ली हुंगचांगने त्याच सुमारास चिनी अधिकाऱ्यांची स्वतःची हुआय सेना उभी केली होती. म्हणून १८६४ साली परक्यांची ती सेना मोडताना त्याला अडचण पडली नाही.

आमच्याकडे ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात, शिंद्यांनी इंग्रजांच्या शत्रूराष्ट्रांतील गोरे नोकरीस ठेवू नयेत, असे कलम पडले. हे कलम इंग्रजांनी घातले होते.