पडशाची रक्तातील खूण

पडसे औषध घेतल्यास सात दिवसांत बरे होते आणि न घेतल्यास आठवड्यात, असे आपण थट्टेने म्हणतो. नाक गळते, घसा खवखवतो, अंग मोडून येते; आल्याचा काढा घेऊन माणूस पुन्हा शेतावर जातो किंवा वर्गात हजेरी घ्यायला उभा राहतो. पण असे किरकोळ दुखणे येऊन गेल्यावर शरीरात मागे काही उरते का? उरत असेल तर किती दिवस? हे शोधण्यासाठी इंग्लंडात एक संस्था चव्वेचाळीस वर्षे चालली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. तिची हकीगत ऐकण्यासारखी आहे.

दक्षिण इंग्लंडातील सॉल्झबरी शहराजवळ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मदतीने साथीच्या रोगांसाठी एक इस्पितळ उभारले होते. युद्ध संपल्यावर १९४६ साली त्याच बराकींत डॉ. ख्रिस्तोफर अँड्र्यूज यांनी पडशाच्या संशोधनाचे केंद्र सुरू केले. उंदीर-सशांना माणसाचे पडसे होत नाही. तेव्हा माणसेच हवीत. मग जाहिराती निघाल्या. दहा दिवस राहा, जेवणखाण फुकट, वर थोडा हातखर्च; मोबदल्यात नाकात काही थेंब घालू द्या! लोक आले, पुष्कळ आले. दोघेदोघे, तिघेतिघे वेगळे राहत. बाहेर फिरण्यास मोकळीक असे, पण वाटेत कोणी भेटले तर दुरूनच रामराम. डॉक्टर मंडळी त्यांचे वापरलेले रुमालसुद्धा मोजत. हसू येते खरे. पण पडसे कमी की जास्त हे मापायला दुसरी फूटपट्टी कोठे होती?

याच केंद्रातील डॉ. डेव्हिड टिरेल यांना एका निवासी शाळेतील मुलाच्या नाकातील स्रावात एक निराळाच विषाणू आढळला. १९६५ साली त्याची माहिती छापून आली. पण तो दिसतो कसा? हे काम जून अल्मेडा या बाईंनी केले. ग्लासगोच्या एका बसचालकाची ही मुलगी. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तिने असा हात बसविला की भले भले पदवीधर तिच्याकडे नमुने पाठवीत. तिची युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. रोग येऊन गेला की रक्तात प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार होतात आणि ती त्या त्या विषाणूला नेमकी चिकटतात. अल्मेडाबाई विषाणूंत अशी प्रतिपिंडे मिसळत, म्हणजे विषाणूंचे पुंजके होऊन ते नजरेत भरत. या विषाणूंच्या कडेने मुकुटासारखी झालर दिसली. म्हणून १९६८ साली या कुळाला 'कोरोना' हे नाव मिळाले.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. याच कुळातील '२२९-ई' हा विषाणू सॉल्झबरीत पंधरा स्वयंसेवकांच्या नाकात घालण्यात आला. दहा जणांना लागण झाली. ज्यांच्या रक्तात आधीपासूनची प्रतिपिंडे कमी होती, तेच हे दहा. त्यांतील आठांना पडसे झाले, दोघांना झाले नाही. लागण आणि आजार या दोन गोष्टी एक नव्हेत, त्या इथे डोळ्यांदेखत वेगळ्या झाल्या. आठवड्याने प्रतिपिंडे वाढू लागली, आणखी आठवड्याने शिगेला पोचली, मग हळूहळू उतरत गेली. वर्षाने पाहावे तो जेमतेम थोडी अधिक. तेव्हा तोच विषाणू पुन्हा नाकात घातला. आधी लागण झालेल्यांपैकी काहींना ती पुन्हा झाली, पण विषाणू थोडेच दिवस टिकला आणि पडसे एकालाही झाले नाही. हा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी केंद्राला कुलूप लागले. त्या वेळी या निष्कर्षाची महती फारशा कोणाला वाटली नाही, आणि वाटावी तरी का? पडशासाठी कोण एवढे जिवावर उदार होणार!

तीस वर्षांनी याच कुळातला नवा विषाणू जगभर पसरला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या दहिसर, चेंबूर व माटुंगा या भागांत सुमारे सात हजार लोकांचे रक्त तपासले गेले. झोपडवस्तीत शंभरांतील सत्तावन्न जणांत प्रतिपिंडे निघाली, इतर वस्तीत सोळांत. शहरातील नोंदलेले रुग्ण तेव्हा लाखाच्या आसपास होते. म्हणजे असंख्य लोकांना लागण होऊन गेली आणि त्यांना पत्ताही नव्हता! ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीत झोपडवस्तीतला आकडा पंचेचाळीसवर आला. दर फेरीला माणसे निराळी असतात हे खरे, तरी 'प्रतिपिंडे गेली, आता संरक्षणही गेले' अशी धास्ती पुष्कळांनी घेतली. सौम्य आजारात प्रतिपिंडे बेताचीच होतात, काहींच्या तपासणीत तर ती सापडतही नाहीत, हेही तोवर दिसू लागले होते.

पण कापणीनंतर रान ओके दिसले म्हणून कणगीत बियाणे नाही असे थोडेच असते? अमेरिकेत सेंट लुईस येथील संशोधकांनी सौम्य कोविड होऊन गेलेल्यांचा अस्थिमज्जा, म्हणजे हाडातील मगज, तपासला. सात महिन्यांनी, आणि काहींच्या बाबतीत अकरा महिन्यांनीही, त्यांतील बहुतेकांच्या मगजात प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी ठाण मांडून होत्या. २०२१ साली हे छापून आले.

मात्र एक भेद ध्यानात ठेवा. सॉल्झबरीत दोन्ही खेपांना विषाणू एकच होता. कोविडचा विषाणू अंगरखा बदलत राहिला. २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला तेव्हा आधी आजारून उठलेल्यांनाही पुन्हा सरसकट लागण झाली. आणि सॉल्झबरीत दुसऱ्या खेपेस ज्यांना पडसे झाले नाही, त्यांच्याही नाकातून थोडे दिवस का होईना विषाणू बाहेर पडतच होता. तेथे ते एकांतात ठेवलेले होते. आपल्याकडे त्याच घरात, त्याच ओसरीवर म्हातारे आजोबा बसलेले असतात.