एका कॉन्चेर्टोवरचा शेरा
जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २४ डिसेंबर १८७४ ची ही गोष्ट. मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयाच्या एका वर्गात चौतीस वर्षांचा प्राध्यापक पीटर चायकोव्हस्की पियानोपाशी बसला होता. नुकताच रचलेला पहिला पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, तो संचालक निकोलाय रुबिनस्टाइनला वाजवून दाखवत होता. स्वतः चायकोव्हस्की काही निष्णात पियानोवादक नव्हता. पियानोच्या भागात वाजवायला गैरसोयीचे काही लिहिले गेले आहे का, एवढे त्याला जाणकाराकडून हवे होते.

पहिला भाग संपला. रुबिनस्टाइन गप्प. चायकोव्हस्कीने नेटाने शेवटपर्यंत वाजवले आणि मत विचारले. मग भडिमार सुरू झाला : रचना टाकाऊ आहे, वाजवण्याजोगी नाही, काही जागा उसन्या आहेत, दोन-तीन पाने ठेवावीत, बाकी टाकून द्यावे. ही हकिकत चायकोव्हस्कीने १८७८ मध्ये आपली आश्रयदाती नादेझ्दा फॉन मेक हिला पत्रातून कळवली. म्हणजे ती एकाच पक्षाची साक्ष आहे, हे इतिहासाच्या वाचकाने ध्यानात ठेवावे. सुचवलेले बदल केल्यास आपण हा कॉन्चेर्टो वाजवू, असेही रुबिनस्टाइन म्हणाला. एकही स्वर बदलणार नाही, असे चायकोव्हस्कीचे उत्तर होते.

२५ ऑक्टोबर १८७५ रोजी हान्स फॉन ब्यूलोने बोस्टनमध्ये कॉन्चेर्टो प्रथम वाजवला आणि तो गाजला. त्याच वर्षी मॉस्कोत तानेयेव्ह पियानोवर होता. वाद्यवृंदाचे संचालन मात्र केले खुद्द रुबिनस्टाइनने! पुढे १८७८ मध्ये त्याने तो स्वतः वाजवलाही.

आणि 'एकही स्वर नाही' या निर्धाराचे काय झाले? १८७६ मध्ये लंडनला हा कॉन्चेर्टो वाजवणाऱ्या एडवर्ड डॅनरॉयटरने पियानोच्या भागात काही सुधारणा सुचवल्या. त्या चायकोव्हस्कीने आभार मानून स्वीकारल्या आणि १८७९ च्या आवृत्तीत घातल्या. चार वर्षांपूर्वी त्याने मागितले होते ते नेमके हेच.

आज मैफलीत ऐकू येणारे सुरुवातीचे दणदणीत स्वरसमूह पहिल्या आवृत्तीत तसे नव्हते. त्यांतले स्वर एकामागून एक झंकारत यायचे. व्हायोलिनचा स्वर गजाने हवा तेवढा लांबवता येतो. पियानोचा स्वर हातोडी तारेवर आपटताच विरू लागतो. त्यामुळे वाद्यवृंदासमोर उभे राहायला अनेक तारांवर एकदम आघात करणे पियानोला सोयीचे पडते. हा बदल चायकोव्हस्कीने स्वतः केला की १८९३ मध्ये तो वारल्यानंतर दुसऱ्या कोणी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.